दया नको, यादी पाठवा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नोकरी पुण्यात, आईवडील सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात. दर दिवाळीला सात भाचे-पुतण्यांची खेळणी मोबाइलवरून मागवून थेट सोलापूरच्या पत्त्यावर धाडता. मागच्या खेपेला, लहानपणी ज्या दुकानातून चावीची मोटार घेतली होती, त्याच्या शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसली आणि ते मनाला लागलं. यंदा खरेदी गावातच करायची म्हणता. पण यादीचे भाव दोन्हीकडे काढले तर ऑनलाइन ४,३०० रुपये आणि दुकानात ५,०००. वरचे ७०० रुपये भावनेपोटी जातायत का, आणि गेले तर दुकानदाराला त्याचा खरंच उपयोग होतो का, असा तुमचा प्रश्न.

मी सोलापुरात खेळण्यांचं दुकान चालवते. सासऱ्यांनी टाकलेलं, १९९८ पासून गल्ल्यावर मी बसते. म्हणजे माझं उत्तर अगदी निःपक्ष असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण हिशेब खरा सांगते.

दयेपोटी आलेलं गिऱ्हाईक एका दिवाळीपुरतं येतं. पुढच्या वर्षी परत मोबाइलच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून ‘दुकानाला मदत किती करू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. यादीतल्या कुठल्या वस्तू दुकानातून घेण्यात तुमचा स्वतःचा फायदा आहे आणि कुठल्या घेण्यात नाही, ते आधी वेगळं काढा. हे मुलांच्या वयावर अवलंबून आहे, तुम्ही सोलापुरात कधी पोचता त्यावर आहे, आणि दुकान कसं आहे त्यावर तर आहेच. सगळ्या दुकानांना एका मापात बसवता येत नाही.

आमच्या धंद्यात माल दोन तऱ्हेचा. एक नावाचा, म्हणजे जाहिरातीतल्या कंपन्यांचा. ठरावीक मोटारी, ठरावीक बाहुल्या, पेटीतले गेम. त्यावर एमआरपी छापलेली, डिस्ट्रिब्युटरचा भाव ठरलेला, माझ्या हाती फारसं काही राहत नाही. ऑनलाइनवाले तोच खोका कधीकधी मला पडतो त्याच्याही खाली विकतात. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं रिमोटच्या गाडीचा भाव मोबाइलवर दाखवला, तेव्हा मीच म्हटलं, ‘दोन मागवा की ओ, एक मला द्या.’

दुसरा बिगरनावाचा माल. लाकडी कोडी, भातुकली, ठोकळे, खुळखुळे, सापशिडी-ल्युडो, भोवरे, प्लास्टिकची बॅट. हा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून, हैदराबादच्या बेगम बझारातून, दिल्लीच्या सदर बाजारातून पेट्यांनी येतो. घर याच्यावर चालतं. जागेचं भाडं, दोन मुलींचा पगार, लाइट बिल, टेम्पो, हमाली, सगळं याच्यातून निघतं. नावाचा माल ठेवावा लागतो, कारण मूल काचेतून तो बघून आत येतं.

आता हे तुमच्या यादीला लावून बघा. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे रिमोटची गाडी ऑनलाइन १,१५० आणि दुकानात १,५००. सातशेतले साडेतीनशे तिथंच गेले. ती गाडी खुशाल ऑनलाइन मागवा आणि मनात काही ठेवू नका. माझ्याकडून घेतली असती तरी मला त्यात चहापाण्याएवढंच सुटलं असतं. राहिलेल्या सहा वस्तू ऑनलाइन ३,१५० आणि दुकानात ३,५००. सहा वस्तू एकदम उचलणाऱ्याला मी न मागता पाच टक्के कमी करते. १७५ रुपये कमी झाले, १७५ उरले. मुलामागे तिसाच्या आत.

एक गोष्ट आणखी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. ल्युडो, कॅरम, बुद्धिबळालाही तेच. खोक्यावर जुनं स्टिकर दिसलं तर ‘नवा भाव काय?’ एवढं विचारायला लाजू नका. आणि छोट्या दुकानाच्या बिलावर जीएसटी वेगळा दिसला नाही तर बिचकू नका. कंपोझिशनमधल्या, म्हणजे छोट्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेतल्या दुकानदाराला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेताच येत नाही. बिल मात्र मागाच.

राहिलेल्या १७५ रुपयांत काय मिळतं? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उघडून पाहिलेला खोका. नरक चतुर्दशीची पहाट, उटणं-अंघोळ उरकून मूल खोका फोडतं आणि आत सेलच नसतात. नाहीतर सेल असतात, पण टाळ वाजवणारं माकड हलत नाही. एवढ्या सकाळी जाणार कुठं? आमच्याकडे सेलवर चालणारी वस्तू काउंटरवर उघडायची, सेल घालायचे, चालवून दाखवायची, मगच बांधायची. सासऱ्यांचा नियम, मी मोडलेला नाही. गर्दीत याचा वैताग येतो, खोटं कशाला बोलू. पण दहा खोक्यांत एखादा तरी रुसलेला निघतोच, आणि तो माझ्याकडेच राहिलेला बरा.

परवा एक आजोबा गेल्या दिवाळीचा छोटा पियानो पिशवीतून घेऊन आले. ‘गेला बघा हा.’ मागचं झाकण उघडलं तर सेल पाझरून स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढलेला. पॉलिश पेपरचा तुकडा काडीला गुंडाळून स्प्रिंग घासली, लिंबाच्या फोडीनं पुसली, कोरडी केली, नवे सेल घातले. सूर लागला. पैसे सेलचे तेवढे घेतले. नातू तिथंच फरशीवर बसून वाजवायला लागला तो उठेच ना. शेवटी भोवऱ्याचं आमिष दाखवून उठवला. (तुमच्या घरी असं काही पडलं असेल तर टाकून देण्याआधी झाकण उघडून बघा. निम्म्या ‘बिघडलेल्या’ खेळण्यांचा रोग तिथंच असतो. आणि सुट्टी संपली की सेल काढून ठेवा.)

ऑनलाइनवाले वस्तू परत घेत नाहीत असं नाही. घेतात, पैसेही परत येतात, बऱ्याचदा आमच्या गल्लीतल्या काही दुकानदारांपेक्षा कमी कटकटीनं. पण सणाच्या सकाळी त्याचा उपयोग नाही. आकाराचंही तेच. फोटोत मुलाच्या गुडघ्याएवढा दिसणारा ट्रक घरी येतो तेव्हा काडेपेटीहून जरा मोठा असतो. माप खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं, पण बघतंय कोण?

दुकान गावातलं आहे एवढ्यानं चांगलं ठरत नाही, हेही सांगते. आमच्या धंद्यात कळकट माल विकणारे आहेत, बिल मागितलं की कपाळाला आठी घालणारे आहेत, मुलानं वस्तूला हात लावला की खेकसणारे आहेत. अशा दुकानाला सांभाळायची जबाबदारी तुमची नाही. पारखायचं कसं, तर आयएसआयची खूण बघा. २०२१ च्या जानेवारीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. साध्या खेळण्यावर आयएस ९८७३, सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्यावर आयएस १५६४४, आणि सोबत सीएम/एलनं सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की कुठल्या कारखान्याचा ते दिसतं. दुकानदारासमोरच टाका. चांगल्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही. मला तर बरं वाटतं, कारण हा माल आणायला मी जास्त पैसे मोजलेले असतात आणि शेजारी बिनखुणेचा माल निम्म्या भावात लटकत असतो.

तुमच्या यादीत दोन वर्षांची भाची आहे. तिच्या बाबतीत भाव-बिव विसरा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग गिळण्याएवढा लहान नसावा. तपासणीच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, म्हणजे सव्वा इंच. त्यातून आत जाणारी वस्तू तिच्या हातात नको. बाहुलीचे डोळे ओढून बघा, गाडीची चाकं ओढून बघा. सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच. बटणासारखा चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. झाकण नुसतं नखानं उघडणारी वस्तू मी ठेवत नाही, आणि ठेवणाऱ्याकडून तुम्ही घेऊ नका, मग तो गावातला असो की मोबाइलमधला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, दुकानाला खरंच उपयोग होतो का. होतो, पण पैसे किती यापेक्षा ते कधी येतात त्यावर जास्त. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दोन रात्री नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा तुम्ही आलात काय अन् नाही आलात काय, माल जातोच. पण नवरात्राच्या आधी उचललेल्या मालाचे पैसे महिना-दीड महिन्यात होलसेलवाल्याला चुकते करावे लागतात, आणि ते वेळेवर गेले तरच दिवाळीचा दुसरा लॉट मिळतो. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या निवांत आठवड्यात आलेले तुमचे ३,३०० रुपये मला आदल्या रात्रीच्या पाच हजारांपेक्षा जास्त कामाचे.

त्या पैशानं काय होतं तेही बघा. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावरचे कामगार आहेत. बोनस व्हायच्या आधी त्यांच्या हातात पैसा नसतो. गिऱ्हाईक दारात येऊन तेलुगूत ‘एंता?’ म्हणतं, पाठोपाठ दुसरं कानडीत ‘एष्टु?’, आणि मी दोघांना मराठीत भाव सांगते, तो दोघांना बरोबर कळतो. अशोक चौकाकडून एक आजी येतात. दसऱ्याला लाल तीनचाकी दाखवून गेल्या, ‘ही ठेव, कुणाला देऊ नको’ म्हणाल्या. मग दर आठवड्याला कधी शंभर, कधी दोनशे, रुमालाच्या गाठीतून. वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या नावापुढे आकडे. धनत्रयोदशीला शेवटची नोट देऊन तीनचाकी नेतात. अशा पंधरा-वीस वस्तू माळ्यावर राखून ठेवायच्या म्हणजे तेवढे पैसे माझे अडकलेले. ते मला परवडतं, कारण तुमच्यासारखं रोख देणारं गिऱ्हाईक आधीच येऊन गेलेलं असतं. मोबाइलवर हप्ते मिळतात, पण ते बहुतेक कार्डवाल्यांना.

आता यादीचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त मदत तिचीच होते. २०१७ साली फिजेट स्पिनरचं वेड आलं होतं. सुट्टीत एवढे खपले की मी हुरळून दिवाळीसाठी दहा ग्रोस मागवले, म्हणजे १,४४० नग. दिवाळीपर्यंत वेड ओसरलं. त्यातले काही अजून माळ्यावर आहेत. शंभराची खरेदी केली की मी पोरांना एकेक फुकट देते आणि पोरं ‘हे काय आहे?’ विचारतात. छोटं दुकान बहुतेक वेळा असंच मरतं. बाहेरून वाटतं ऑनलाइननं मारलं, आत बघाल तर न खपलेल्या मालात अडकलेला पैसा असतो. आम्ही अंदाजानं माल भरतो. गिऱ्हाइकानं आधी सांगितलं तर अंदाज तेवढा कमी करावा लागतो.

म्हणून तुम्ही दिवाळीच्या तोंडावर येणार असाल तर पंधरा दिवस आधी दुकानात फोन करा आणि व्हॉट्सअॅपवर यादी टाका. वस्तूंची नको, मुलांची टाका. ‘मुलगा, सात वर्षं, फ्लॅटमध्ये राहतो, ठोकळे भरपूर आहेत, चित्रं काढतो, ५०० पर्यंत.’ ‘दोघी बहिणी, नऊ आणि सहा, एकत्र खेळतील असं काही.’ बजेट मोकळेपणानं लिहा. बजेट सांगितलं की दुकानदार लुबाडतो अशी एक समजूत आहे, पण सांगितलं नाही तर मी तुम्हाला उगाच महागाचंच दाखवत बसेन. घरात काय आहे ते लिहायला विसरू नका. एकाच मुलाला चार मामांकडून चार डॉक्टर सेट मिळालेले मी बघितलेत. मी दोन-तीन पर्यायांचे फोटो पाठवते, तुम्ही निवडा, यूपीआयनं थोडी रक्कम पाठवा. गाडीतून उतरलात की पिशवी तयार. सगळी दुकानं एवढं करतील असं नाही, पण विचारून बघायला काय जातं?

घासाघीस करायची तर खुशाल करा, आम्हाला सवय आहे. बिगरनावाच्या मालावर करा, एकदम घेताना करा. नावाच्या खोक्यावर केलीत तर माझ्याकडे द्यायला काही नसतं. एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. चार खोके उघडून घ्यायचे, सेल घालून चालवून बघायचे, मुलाच्या वयाला काय बरं ते विचारायचं आणि ‘येतो हं’ म्हणून बाहेर पायरीवर उभं राहून तीच वस्तू मोबाइलवर मागवायची. काचेतून दिसतं ओ. त्यापेक्षा सरळ भाव दाखवा. जमला तर देईन, नाही जमला तर ‘तिकडून घ्या’ म्हणेन.

गावातल्या दुकानातलं खेळणं गावात बनलेलं असतं असं समजू नका. सोलापुरात चादर बनते, टॉवेल बनतो. खेळणी बाहेरूनच येतात. हाताने केलेलं काही हवं असेल तर बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी आहेत, किंवा सावंतवाडीची. चन्नपट्टणचा खुळखुळा आणि पांगुळगाडा मी ठेवते. नोंदणी झालेल्या कारागिरांच्या मालाला आणि जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे त्यावर खूण दिसली नाही तर दचकू नका. माल कुठून आणला ते विचारा. तेलंगणातल्या निर्मलची आणि आंध्रातल्या कोंडापल्लीची सुद्धा सुंदर असतात, पण ती कपाटात ठेवून बघायची. लहान मुलाच्या हातात दिलीत तर संध्याकाळपर्यंत हत्तीची सोंड तुटलेली.

आणि दिवाळीला जमलंच नाही तर सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमची जत्रा, आहेच. जानेवारीत होम मैदानावर खेळण्यांचे स्टॉल लागतात. तेव्हा माझ्या दुकानात शुकशुकाट असतो, तरी सांगते, जा. पिपाणी आणि फिरकी तिथूनच घ्यावी, दुकानात तिला मजा नाही. त्याच सुमाराला भाचीचं बोरन्हाण करणार असाल तर तिच्या अंगावर बारीक खेळणी, गोळ्या ओतू नका, सव्वा इंचाचं लक्षात आहे ना? चुरमुरे आणि मोठी बोरं पुरे, आणि ती वेचायला मोठी मुलं असतातच.

सध्या रिमोटची गाडी ऑनलाइन मागवून टाका आणि राहिलेल्या सहांची यादी वर सांगितली तशी तुमच्या घराजवळच्या दुकानात पाठवा. माझ्याकडेच यायला पाहिजे असं नाही. विजापूर रोडला, आसरा चौकाकडेही दुकानं आहेत, आईवडिलांना चालत जाऊन बदलून आणता येईल असं बघा. फोन दुपारी एक ते चार करू नका, आम्ही जेवायला घरी गेलेलो असतो. आणि पुतण्या यंदा किल्ला करणार असेल तर मावळ्यांचं त्याच फोनमध्ये सांगा. महाराज आणि घोडेस्वार शेवटच्या दिवसापर्यंत मिळतात, तोफा मात्र वसुबारसेच्या आधीच संपलेल्या असतात.